"तुमचा ब्राउझर जुना झाला आहे": खोट्या अपडेटचे किस्से येऊ द्या

पेठेतली सून
काल सासऱ्यांनी हाक मारली, "अगं, क्रोम जुनं झालंय म्हणतंय, करू का नवीन?" पाहिलं तर पंचांगाच्या कुठल्याशा साइटवर पानभर क्रोमचं चिन्ह नि खाली निळं बटण. टॅब बंद केला. पण एकदम कॉलेजच्या वेळचं डेक्कनचं नेट कॅफे आठवलं. तेव्हा "फ्लॅश प्लेअर (ब्राउझरमध्ये व्हिडिओ, गेम चालवायचं सॉफ्टवेअर) जुना आहे" यायचं. काकांनी प्रत्येक मॉनिटरवर पाटी डकवलेली: "अपडेट मागितल्यास मालकास बोलवावे. परस्पर शहाणपणा करू नये. तासाचे पैसे परत मिळणार नाहीत." फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला कायमचा बंद झाला, हे नाटक काही बंद होत नाही.

भिडेपूल
पाटीचा फोटो आहे का??

टेकडीवाली
आमच्या ट्रेक ग्रुपच्या साइटवर. राजगडची तारीख बघत होते, मध्येच फायरफॉक्सचं अपडेट. वर पत्ता ट्रेकवाल्यांचाच! त्यांचा काय संबंध? तोवर यजमानांनी बटण दाबलेलं. झिप उतरली, आत डॉट जेएसची फाइल. उघडायच्या आत उडवली. ग्रुपच्या दादांना सांगितलं तर म्हणे आमच्याकडे साइट नीट दिसतेय, तुमच्याच लॅपटॉपला काहीतरी झालंय. भांडणच झालं. कुकर झाला, येते.

रात्रपाळी_हिंजवडी
दादा खरंच बोलत असतील. साइट त्यांचीच, पण कोणीतरी त्यात चोरून स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, घुसवलेली असते. सॉकगोलिश म्हणतात ह्या प्रकाराला, किमान २०१८ पासून चालू आहे. वर्डप्रेसमध्ये (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) ॲडमिन म्हणून लॉगिन असलेल्याला ते दाखवतच नाहीत. बाकीच्यांनाही बहुतेक वेळा एकदाच दिसतं, म्हणून आयटीवाल्याला बोलावून दाखवायला जावं तर पान साफ. ती जेएस फाइल विंडोजवर डबलक्लिक केली की सरळ चालू होते, ब्राउझरची गरजच नाही. पुढे पासवर्ड चोरी, नाहीतर रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी.
यजमानांना चहा पाजा, थोडक्यात वाचले.

टेकडीवाली
चहा त्यांनीच करायचा ठरलंय 😀

शोभामावशी
मग खरं अपडेट कसं ओळखायचं रे? सगळंच खोटं असतं का?

रात्रपाळी_हिंजवडी
मावशी, क्रोम स्वतःच मागच्या मागे अपडेट उतरवून घेतं. फार तर वर उजव्या कोपऱ्यात, तीन ठिपक्यांपाशी, "पुन्हा सुरू करा" असं सुचवतं. फाइल उतरवायला कधीच सांगत नाही. शंका आली तर तेच तीन ठिपके, मदत, मग गूगल क्रोमबद्दल. मोबाइलवर फक्त प्ले स्टोअर.

टॅलीवाला
ह्याच्याही पुढची गंमत. भाच्याला "तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा" आलं. पुढे लिहिलेलं: विंडोज बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. म्हणजे त्यांनी गुपचूप कॉपी करून ठेवलेली आज्ञा आपणच आपल्या हातानं चालवायची! पोरगा इंजिनिअरिंगला आहे म्हणून थबकला. ताई म्हणाली फी वसूल झाली.

रात्रपाळी_हिंजवडी
ह्याला क्लिकफिक्स म्हणतात. २०२४ पासून फार बोकाळलंय.

कर्वेनगर_जोशीकाकू
आमच्या वाड्याच्या ग्रुपवर लग्नपत्रिकेच्या नावाची एपीके (मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल) आली होती. लग्न कोणाचं ते कोणालाच माहीत नाही, तरी दोघांनी "हार्दिक शुभेच्छा" लिहिलं.

भिडेपूल
😂😂 अहेराचं काय केलं

टॅलीवाला
अहेर खात्यातून परस्पर गेला असता. पैसे गेलेच तर १९३० ह्या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा हो, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

शोभामावशी
सापडले तीन ठिपके. "अद्ययावत आहे" म्हणतंय. बरं, ती राजगडची तारीख कोणती? जागा आहेत का अजून?

टेकडीवाली
पुढचा रविवार मावशी. आहेत जागा. साइटवर जाऊ नका, मी दादांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

शोभामावशी
गुंजवण्याकडून चढायचं की पालीकडून? गुडघे बोलतात माझे.

टेकडीवाली
पाली. पायऱ्या आहेत.