कुलाक म्हणजे कान की मूठ? बिश्केकला जाणाऱ्यांसाठी फसवे शब्द

लातूरची_लेक
धाकटा भाऊ एमबीबीएसला किरगिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकला जायलाय. शिकवणी इंग्रजीत आहे, पण वॉर्डात पेशंटशी बोलायचं तर रशियन आणि किरगिझ दोन्ही लागतात म्हणे. कोणीतरी सांगितलं, 'तुर्की आली की किरगिझ आपोआप येते', म्हणून त्यानं मोबाइलवर तुर्की सुरू केली. त्यात रशियनची भर पडली आणि वहीत सगळा घोळ झाला. 'दुराक' तुर्कीत बसथांबा, रशियनमध्ये मूर्ख. 'बार्दाक' तुर्कीत पाण्याचा ग्लास, रशियनमध्ये गोंधळ-पसारा. असे आणखी कोणते शब्द आधीच माहीत असावेत? आणि तुर्की चालू ठेवावी का?

गोदाकाठ
ताई, तुर्की सध्या बाजूला ठेवा. आधी रशियन, मग किरगिझ. तुर्की १९२८ पासून रोमन लिपीत आहे, किरगिझ सिरिलिकमध्ये, म्हणजे रशियनच्याच लिपीत. रशियनची ३३ अक्षरं आली की किरगिझसाठी फक्त तीन जास्तीची शिकायची, म्हणजे एकाच मेहनतीत दोन भाषांच्या पाट्या वाचता येतात.

पण खरी फसगत त्या सामाईक लिपीतच आहे. 'कुलाक' दोन्हीकडं अक्षरन् अक्षर सारखा लिहितात. रशियनमध्ये मूठ, किरगिझमध्ये कान. 'कोल' रशियनमध्ये खुंटा, किरगिझमध्ये हात. 'बाल' रशियनमध्ये नाचाचा समारंभ, किरगिझमध्ये मध. 'माल' रशियनमध्ये 'लहान' याचं आखूड रूप, किरगिझमध्ये गुरंढोरं. आपला माल तोच, अरबीतून आलेला. तुर्कीत त्याचा अर्थ मालमत्ता राहिला, डोंगरात मेंढ्या-घोडी राखणाऱ्या किरगिझांकडं मालमत्ता म्हणजेच जनावरं.

पेशंट कोणत्या भाषेत बोलतोय हे शेपटावरून ओळखायचं. किरगिझमध्ये 'माझा' जोडला की शेवटचा क मऊ होतो: कुलाक, पण 'कुलागीम ओरुइत', माझा कान दुखतो. रशियनमध्ये क तसाच राहतो: कुलाका, कुलाकोम. ग ऐकू आला की कान तपासायचा. 'तामाक' पण असाच. त्याचा अर्थ जेवणही आणि घसाही, 'तामागीम ओरुइत' म्हणजे घसा दुखतोय. जेवणाची तक्रार समजून बसू नये. रशियन 'ताबाक' मात्र तंबाखू आणि तुर्की 'ताबाक' म्हणजे ताट, यांचा घशाशी काही संबंध नाही.

मोबाइलच्या भाषांतराला एकटा शब्द देऊ नका. भाषा आपोआप ओळखायची सोय चालू असली तर तो कुलाकला रशियन धरून 'मूठ' दाखवू शकतो. भाषा हातानं निवडा आणि पूर्ण वाक्य टाका.

दखनी_बोल
वरचे बहुतेक शब्द योगायोगानं जुळलेत, ते एकदा हसून लक्षात राहतात. मराठवाड्यातल्या माणसाला जास्त धोका फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांचा, कारण ते आपल्याला 'येतात' असं वाटतं.

बिश्केकच्या रस्त्यावर 'दारीकाना' अशी पाटी दिसली तर ते दारूचं दुकान नव्हे, औषधाचं. फारसीत दारू म्हणजे औषधच; किरगिझ 'दारी'नं तो अर्थ राखला, आपल्याकडं तो बाटलीकडं गेला. गंमत म्हणजे बंदुकीच्या दारूचा अर्थ तिकडंही आहे: 'ओक-दारी' म्हणजे आपला दारूगोळा. दवाखान्याला 'ओरुकाना', त्यातला खाना आपलाच.

पुढंमागं तुर्की शिकलात तर हे बघा. 'हास्ता' म्हणजे आजारी, आपल्या खस्ता कचोरीतला खस्ता तोच. 'इलाच' म्हणजे औषध, आपला इलाज. 'गारिप' म्हणजे विचित्र, गरीब नव्हे; गरिबाला 'फाकिर'. 'तारिफ' म्हणजे वर्णन किंवा पाककृती, कोणी मागितली तर कौतुक सुरू करू नये. 'फिरसात' म्हणजे संधी, फुरसत नव्हे. 'तामाम' म्हणजे ठीक आहे.

'राहमात' तर फार जपून. किरगिझमध्ये 'रहमत' म्हणजे धन्यवाद, दिवसातून पन्नासदा म्हणा. तुर्कीत 'राहमेत' म्हणजे देवाची कृपा, ती मेलेल्यासाठी मागतात, आणि 'राहमेतली' म्हणजे कैलासवासी.

नात्यांत सगळ्यात जास्त गोंधळ. दखनीत आपा म्हणजे मोठी बहीण, किरगिझ 'आपा' म्हणजे आई. आपली खाला आईची बहीण, तुर्की 'हाला' बापाची. वॉर्डात वयानं मोठ्या बाईला 'एजे' आणि पुरुषाला 'बायके' म्हणा, ताई-दादासारखं.

केसपेपर
डॉक्टर होणाऱ्यानं रशियनमधले इंग्रजीसारखे दिसणारे शब्द आधी घ्यावेत, कारण तिथली चूक केसपेपरवर चढते.

'आंगिना' म्हणजे टॉन्सिलची सूज. छातीतल्या अंजायनाला, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून येणाऱ्या कळेला, 'स्तेनोकार्दिया' म्हणतात. उलटंसुलटं लिहिलं तर घशाच्या पेशंटचा ईसीजी निघतो. 'इन्सुल्त' म्हणजे मेंदूचा झटका, अपमान नव्हे. हृदयाचा झटका 'इन्फार्क्त'. 'देकादा' म्हणजे दहा दिवस, दहा वर्षं नव्हेत. 'रेत्सेप्त' म्हणजे औषधाची चिठ्ठी. दुकानातल्या पावतीला 'चेक'. 'प्रेपारात' म्हणजे औषध. फॉर्मवरचं 'फामिलिया' म्हणजे आडनाव, कुटुंबाला 'सेम्या'. 'मागाझिन' म्हणजे दुकान.

शब्द लिहिताना जोर कोणत्या अक्षरावर आहे त्याची खूण कराच. रशियनमध्ये 'मुका' पहिल्या अक्षरावर जोर दिला तर यातना, शेवटच्यावर दिला तर पीठ. (मराठीत तिसरंच काही, ते त्याला कोणी शिकवायला नको.) किरगिझमध्ये जोर बहुधा शेवटीच येतो, तिथं ही कटकट कमी.

लातूरची_लेक
दारीकाना लगेच लिहून घेतलं, आईनं ती पाटी व्हिडिओ कॉलवर बघितली असती तर अवघड होतं. अजून एक: रशियन 'कारान्दाश' म्हणजे पेन्सिल ना? मग त्याच्या किरगिझच्या यादीत तसाच शब्द 'बहीण' म्हणून आलाय.

गोदाकाठ
बरोबर आहे दोन्ही. किरगिझ 'कारीनदाश' म्हणजे भावाची धाकटी बहीण, 'कारीन' म्हणजे पोट, एका पोटची. रशियन पेन्सिल 'कारान्दाश', दुसऱ्या अक्षरात 'आ'. तुम्ही थोरल्या, म्हणजे तुम्ही त्याच्या एजे.

दखनी_बोल
बाजाराचं राहिलं. रशियन 'आर्बूझ' म्हणजे आपलं टरबूज, तुर्की 'कारपूझ' पण टरबूजच. शब्द मात्र मूळचा खरबूज. त्याला गोड खरबूज पाहिजे असेल तर रशियनमध्ये 'दिन्या' मागायचं, किरगिझमध्ये 'कोऑन'. तसंच रशियन 'इझ्यूम' म्हणजे बेदाणे, पण तो ज्या तुर्की 'उझ्युम'वरून आला तो म्हणजे ओली द्राक्षं. शेतकऱ्याचं लेकरू असेल तर हा फरक पहिल्या दिवशीच पाठ होईल.