शाळेत प्रत्येक मुलाचा 'आघातांचा स्कोअर' काढावा का?

मृण्मयी_के:
12 ते 16 वयाच्या सगळ्या मुलांकडून बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांची दहा प्रश्नांची यादी भरून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. मारहाण, मानसिक छळ, लैंगिक अत्याचार, दोन प्रकारची हेळसांड, आणि घरातलं व्यसन, मानसिक आजार, आईला होणारी मारहाण, विभक्त पालक, तुरुंगवास. प्रत्येक 'हो'ला एक गुण. फेलिटी आणि आंदा या डॉक्टरांच्या 1998 च्या सॅन दिएगोतल्या अभ्यासात (तेव्हा सात प्रकार होते, पुढे दहा झाले) चार किंवा जास्त प्रकार सोसलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका शून्यवाल्यांपेक्षा 4 ते 12 पट दिसला. शिवाय आयुष्यभरातल्या मानसिक आजारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. वर्गात दंगा करणाऱ्याकडे निदान कुणाचं तरी लक्ष जातं. शेवटच्या बाकावर गप्प बसून असते तिला कोण विचारतं?

अनिकेत_रा:
कळकळ पटते, उपाय नाही. त्या अभ्यासातले लोक प्रौढ होते, सरासरी वय पन्नाशीच्या पुढचं. आकडे गटाचे आहेत, एकेका मुलाचे नाहीत. खुद्द आंदांनीच 2020 मध्ये सहकाऱ्यांसह लिहिलंय की हा स्कोअर एका व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायला वापरू नये.

दोन मुलं समोर ठेवा. एकाचे पालक विभक्त, वडील व्यसनी आणि तुरुंगात, आई नैराश्यात. पण आजी रोज जवळ घेऊन झोपवते. स्कोअर चार. दुसरीवर एकच नातेवाईक तीन वर्षं अत्याचार करतोय. स्कोअर एक. किती वेळा, कोणत्या वयात, कुणाकडून, अजून चालू आहे का, यातलं काहीच बेरजेत येत नाही.

निशिगंध:
अनिकेत यांच्या मुद्द्याला जोड देते. मॅकलॉफलिन आणि शेरिडन या संशोधकांनी 'धोका' (मारहाण, छळ) आणि 'वंचना' (माया, संवाद न मिळणं) वेगळे काढले, ते कामाला फार उपयोगी पडतं. मारहाणीत वाढलेलं मूल साध्या चेहऱ्यातही राग वाचतं; शिक्षकांचा आवाज चढला की उसळतं किंवा थिजतं. ज्याच्याशी लहानपणी कुणी पुरेसं बोललंच नाही, त्याची अडचण भाषेत आणि लागोपाठ तीन सूचना लक्षात ठेवण्यात दिसते. पहिल्याला आधी सुरक्षितता लागते, दुसऱ्याला भरपूर संवाद आणि शिकवणं.

आणि किशोरवय म्हणजे निव्वळ धोका नव्हे. संस्थेतून मायेच्या घरात दत्तक गेलेल्या मुलांमध्ये तणावाला मिळणारा कॉर्टिसोल या संप्रेरकाचा मंद प्रतिसाद वयात येताना सुधारत गेला, असं संशोधक गुनार यांच्या गटाला 2019 मध्ये आढळलं. उशीर झाला म्हणून कुणी हात झटकू नयेत.

मृण्मयी_के:
बेरीज सोडा हवं तर, पण विचारणं सोडू नका. डॅनीज आणि विडम या संशोधकांच्या 2020 च्या अभ्यासात छळाची न्यायालयीन नोंद नसूनही ज्यांनी स्वतः छळ झाल्याचं सांगितलं, त्यांच्यात मानसिक आजार जास्त होते. नोंद होती पण आठवण सांगितली नाही, त्यांच्यात तेवढे दिसले नाहीत. म्हणजे मुलाच्या तोंडून ऐकणं हेच महत्त्वाचं ठरतं ना?

अनिकेत_रा:
ऐकणं, हो. पण बाकावर शेजारी डोकावत असताना फॉर्म भरून घेणं म्हणजे ऐकणं नव्हे. तिथे मूल 'नाही'च लिहितं, आणि त्या 'नाही'वर आपण निर्धास्त होतो.

आधी आजची लक्षणं विचारा. किशोरांसाठीची नऊ प्रश्नांची नैराश्य प्रश्नावली आहे: मागचे दोन आठवडे, प्रत्येकी 0 ते 3, एकूण 27. 10 किंवा जास्त आले तर सविस्तर मुलाखत. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे 1 जरी आला तरी बेरीज न बघता त्याच दिवशी, मूल घरी जायच्या आत, एकट्यात बोलायचं. शुक्रवारी फॉर्म गोळा करून सोमवारी उघडणार असाल तर वाटूच नका.

निशिगंध:
आणि बोलायच्या आधी सांगायचं: "तुझ्या जिवाला धोका असेल किंवा तुला कुणी त्रास देत असेल, तर ते मी माझ्यापुरतं ठेवू शकणार नाही." हे नंतर कळलं तर मूल पुन्हा तोंड उघडत नाही. तपशील खोदायचे नाहीत, मुलाचेच शब्द लिहून ठेवायचे, पुढे कुणाला सांगणार ते त्याला सांगायचं. त्रास घरातूनच असू शकतो, म्हणून लगेच पालकांना फोन लावायचा नाही.

उपचारातही घाई नडते. आघातकेंद्री वर्तन-बोध उपचार (आघातातून आलेले विचार आणि वागणं बदलायला मदत करणारी समुपदेशनाची पद्धत) साधारण 12 ते 16 सत्रांचा. आधी झोप, श्वास, भावनांना नावं देणं. मग हळूहळू प्रसंगाची मांडणी. सोबत सांभाळणारं मोठं माणूस. पहिल्याच भेटीत "सगळं सांगून टाक" म्हणणारे नुकसान करतात. उलट काही जण महिनोन्महिने श्वासाचे व्यायामच घेत बसतात, मूळ गोष्टीपर्यंत पोचतच नाहीत.

मृण्मयी_के:
दहा प्रश्नांचा हट्ट सोडते. शुक्रवारचा मुद्दा तर पूर्ण मान्य. पण "तुला घरी सुरक्षित वाटतं का?" हा एक प्रश्न प्रत्येक मुलाला विचारलाच पाहिजे, लक्षणं असोत वा नसोत. यावर मी मागे हटणार नाही.

अनिकेत_रा:
प्रत्येकाला नको, असं अजूनही वाटतं. विचारायचाच असेल तर दार बंद करून, एका वेळी एकालाच, आणि 'नाही' ऐकल्यावर पुढचा तासभर मोकळा असलेल्या माणसानेच.