मदत हवी आहे: पाइपच्या आट्यांचा एकच खात्रीचा तक्ता कुठे मिळेल?

राम राम मंडळी. रावेर भागात ठिबकची फिटिंग करतो. एका केळीच्या मळ्यात फिल्टरजवळ दोन इंची व्हॉल्व्ह बसवायचा आहे, तो बाहेरून आलेला. आपल्याकडचा निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला छोटा पाइपचा तुकडा) त्यात तीन आटे सरळ जातो, मग जाम. टेफ्लॉन टेप वाढवून पाहिली, पाणी झिरपतंच. जास्त पिळलं तर प्लास्टिक चिरतं, एक निपल असाच गेला.

आटे मोजले तेव्हा उलगडा झाला: आपला बीएसपी (ब्रिटिश पद्धतीचे आटे), इंचाला 11, व्हॉल्व्हवर साडेअकरा, म्हणजे एनपीटी (अमेरिकी पद्धतीचे). कोनही वेगळा, 55 आणि 60 अंश. अर्धा-पाऊण इंचात दोन्हीकडे 14च असल्याने आजवर खपून गेलं असावं.

आता खरी अडचण. बीएसपीच्या निमुळत्या आट्यांना आयएस (भारतीय मानक) 554, सरळ आट्यांना आयएस 2643. आंतरराष्ट्रीय मानकांत तेच आयएसओ 7-1 आणि आयएसओ 228. एनपीटी तर अमेरिकेच्या एएसएमई या इंजिनिअरांच्या संस्थेच्या बी1.20.1 या मानकात. दुकानदारांचे तक्ते पाहिले, एकाचा व्यास दुसऱ्याशी जुळत नाही, आणि कुणीच कुठल्या सालची आवृत्ती ते लिहीत नाही.

अॅडॉप्टर मिळतो हे माहीत आहे, तो मागवलाय. मला अर्धा ते तीन इंचापर्यंतची मापं टॉलरन्ससकट (किती कमी-जास्त चालतं त्यासकट) हवीत, मोबाईलवर उघडतील अशी. सगळी मानकं विकत घेणं परवडणारं नाही. या पाचही मानकांची चालू आवृत्ती आणि दुरुस्त्या एकत्र दाखवणारा, तुम्ही स्वतः वापरून पाहिलेला ऑनलाइन संदर्भ कोणता?