तुमचा लॅपटॉप हवा कुठून ओढतो? कूलिंग पॅडचे अनुभव सांगा

मी नागपूरची. घरूनच इंटिरियरचं थ्रीडी रेंडरिंग करते. लॅपटॉप 15.6 इंची, आय-सेव्हन प्रोसेसर, आरटीएक्स 4060 ग्राफिक्स कार्ड. डिसेंबरात काही त्रास नव्हता. एप्रिल उजाडला आणि रेंडर लावल्यावर चौथ्या मिनिटाला प्रोसेसर 98 डिग्रीवर. मग तो स्वतःच वेग कमी करतो आणि चाळीस मिनिटांचं काम तासावर जातं. कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर सांडगे वाळतील अशी अवस्था आहे. कूलिंग पॅड, म्हणजे लॅपटॉपखाली ठेवायचे पंख्यांचे पाट, सातशे रुपयांपासून आठ हजारांपर्यंत दिसतात. जाहिराती नकोत, वापरलेल्यांनी सांगा: काय घेतलं, किती डिग्री फरक पडला, पैसे वाया गेले का?

पुणे, इंजिनियरिंग तिसरं वर्ष

वाया गेले. माझे गेले, म्हणून सांगतो. नऊशेचा पॅड, पाच पंखे, निळे दिवे. गेम खेळताना फरक दोन डिग्री, तोही बहुतेक पॅडमुळे लॅपटॉप तिरका झाला म्हणून. नंतर लॅपटॉप उलटा करून पाहिला तर हवा ओढायची जाळी मागच्या अर्ध्या भागात, आणि पॅडचे तीन पंखे पुढे, बरोबर बॅटरीखाली. तिथे नुसतं बंद प्लास्टिक! आता तो पॅड गणपतीत मखरामागे निळा उजेड देतो. त्या कामाला चांगला आहे.

नाशिक, मशीन डिझाइन

ताई, खरेदीआधी एक उदबत्ती लावा. लॅपटॉपवर लोड टाकून तिचा धूर कडेकडेने फिरवा. जिथे धूर आत ओढला जातो तिथे हवा हवी, जिथून बाहेर फेकला जातो तिथे अडथळा नको. (राख खाली पडेल, उदबत्ती जाळीखाली उभी धरू नका.) हीच परीक्षा पॅडचीही करा. माझ्या जुन्या पॅडचा पंखा हवा वर ढकलण्याऐवजी खाली ओढत होता. म्हणजे लॅपटॉपचे पंखे हवा वर खेचणार आणि पॅड तीच हवा खाली. रस्सीखेच नुसती.

मी शेवटी पाण्याच्या बाटलीची दोन झाकणं मागच्या रबरी पायांखाली ठेवली. सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये 94 वरून 89. खर्च शून्य. लॅपटॉपचे पाय जेमतेम चार-पाच मिलिमीटर उंच असतात, टेबल आणि जाळी यांच्यात हवेला वाटच नसते. निम्मं दुखणं तिथेच आहे.

मुंबई, लॅमिंग्टन रोडजवळ रिपेअरिंग करतो

पॅड नंतर. लॅपटॉप किती वर्षांचा आहे? दोन वर्षं झाली असतील तर आधी उघडून साफ करा. धूळ पंख्याच्या पात्यांवर दिसते तेवढीच नसते. पंखा आणि तांब्याच्या बारीक पट्ट्या यांच्या मध्ये तिचा नमदा बसतो, गोधडीच्या कापसासारखा. पंखा गरगरतोय, आवाज येतोय, पण हवा बाहेर जात नाही. अशा लॅपटॉपखाली दहा हजारांचा पॅड ठेवला तरी काय उपयोग? आठवड्यातून दोन-तीन गिऱ्हाइकं पॅड हातात घेऊनच येतात, वर म्हणतात पॅड खराब निघाला.

ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने किंवा काडीने धरून ठेवायचं. मोकळं सोडलं तर भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पुढे नेणारा लेप) वाळलेली असेल तर तीही बदला. काही गेमिंग मॉडेलांत कंपनीनेच पेस्टऐवजी लिक्विड मेटल भरलेलं असतं. ते विजेला वाहक असतं आणि अॅल्युमिनियम खातं. असलं मॉडेल असेल तर कुणालाही उघडू देऊ नका, आधी विचारा.

बेंगळुरू, व्हिडिओ एडिटिंग

मी महागातला घेतला. वर चौफेर फोमची कड, खाली एकच मोठा ब्लोअर. लॅपटॉप फोमवर दाबून बसतो, त्यामुळे हवेला कडेने पळायला जागा नसते, ती जाळीतूनच आत जाते. साध्या पॅडमध्ये बरीच हवा बाजूने निसटते, आणि खरा फरक हाच आहे. पंखे किती हे मोजत बसू नका.

फोर-के एक्सपोर्टला 93 वरून 80. पण:

आवाज. पूर्ण वेगाला शेजारच्या खोलीत मिक्सर लावल्यासारखा. मी अर्ध्या वेगावर चालवतो, तिथे 83-84 येतं.

वीज. हे पॅड स्वतःच्या अडॅप्टरवर चालतात, म्हणजे आणखी एक सॉकेट. साधे पॅड यूएसबीवर चालतात, पण जुन्या यूएसबी 2 पोर्टातून अडीच वॉटच मिळतात, यूएसबी 3 मधून साडेचार. तेवढ्यात सहा पंखे फिरून फिरून किती फिरणार?

माप. फोमची चौकट तुमच्या जाळीभोवती बसली पाहिजे, जाळीवर नाही. आणि मागचा गरम हवेचा झरोका फोमच्या बाहेर राहिला पाहिजे. घरी लॅपटॉपचा तळ कागदावर आखून घ्या आणि पॅडच्या मापाशी ताडून पाहा.

कोल्हापूर

मॅकबुक प्रोवाल्यांनी या फंदात पडू नये. तळाच्या मधोमध जाळीच नाही, हवा कडेच्या फटींतून जाते. मी पडलो.

रत्नागिरी

मी अतिशहाणपणा केला. बर्फासारखी गार पडणारी पेल्टियर प्लेट (विजेवर थंड होणारी पट्टी) मिळते, ती तळाला लावली. जुलै महिना, कोकणातली हवा. अर्ध्या तासात प्लेटवर दव, मग थेंब, मग थेंब टेबलावर. नशीब लॅपटॉपमध्ये गेले नाहीत. नुसता पंखा खोलीच्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही, म्हणून त्याने दवही धरत नाही. नागपूरला कूलरसमोर बसत असाल तर सांभाळा, एवढंच.

ठाणे, प्रोग्रामर

विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 ऐवजी 99 टक्के केली की बहुतेक लॅपटॉपांत टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा वरचा जादा वेग, बंद होतो. तापमान धाडकन खाली येतं. पूर्वी प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करायची सोयही असे, पण 2019 च्या डिसेंबरात त्यातली प्लंडरव्होल्ट ही सुरक्षेची त्रुटी जाहीर झाली आणि बऱ्याच लॅपटॉपांत बायोस (लॅपटॉपचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटने ती सोयच बंद झाली. तुमच्या मॉडेलात ती सोय आहे का, तेवढं बघा.

पुन्हा मी, नागपूर

टर्बो बंद करून पाहिला दादा. 74 डिग्री! पण रेंडर तासाच्याही वर गेलं, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप तेच हातचं गेलं. कोडिंगला ठीक असेल.

बाकी सगळं एकेक करून पाहिलं, दर वेळी तोच सीन, पंखा त्याच वेगावर, तापमान एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये बघितलं. सुरुवात 98. साफसफाईनंतर 93 (नमदाच निघाला, अक्षरशः). मागून झाकणं लावली, 90. उदबत्तीने कळलं की माझा लॅपटॉप हवा खालून आणि थोडी कीबोर्डमधूनही ओढतो, तेव्हा कीबोर्डवरचं सिलिकॉनचं कव्हर काढून टाकलं. ते कव्हर मीच हौसेने आणलं होतं.

शेवटी फोमचा पॅड मागवला, साडेसहा हजारांना. अर्ध्या वेगावर 82, आणि रेंडर पुन्हा 41 मिनिटांवर. हे दुपारी, खोलीत 37 असताना.

रत्नागिरीकर, कूलरचं दव धरत नाही, कारण लॅपटॉप त्या हवेपेक्षा गरमच असतो. पण वाळ्याच्या ताटीतून तुषार उडतात आणि आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, त्यामुळे टेबल कूलरच्या सरळ रेषेतून बाजूला सरकवलं आहे.

बेंगळुरूकर, तुम्हाला एक विचारायचं होतं. फोमच्या आतली जाळी पंधरा दिवसांतच धुळीने पांढरी झाली. धुता येते का, की नुसती झटकायची?

बेंगळुरू, व्हिडिओ एडिटिंग

जाळी काढून धुवा, पण पूर्ण वाळू द्या. फोमला पाणी लावू नका, गोंद सुटतो. माझा एका कोपऱ्यात सुटला आहे, सध्या सेलोटेप.