२००८ची प्रायमरी: ओबामांच्या भाषणापुढे हिलरींचा अभ्यास हरला, हे बरोबर झालं का?

जर्सीवाली
पुढच्या प्रायमरीची, म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीची, नावं चर्चेत यायला लागली की आमच्या ग्रुपमध्ये पहिला प्रश्न हाच, की कोण भारी बोलतं. कोण काय करणार आहे हे कुणी विचारतच नाही, आणि याचा मला खरंच त्रास होतो म्हणून लिहितेय. उदाहरण २००८चंच घेते, तेव्हा मी हिलरींना मत दिलं होतं आणि आजही त्यांनाच देईन. एकाच डेमोक्रॅटिक पक्षाचे दोन उमेदवार, बाकी धोरणं जवळजवळ सारखी, खरा फरक होता हेल्थ इन्शुरन्समध्ये. हिलरी सांगत होत्या की इन्शुरन्स सगळ्यांना सक्तीचा पाहिजे, कारण धडधाकट लोक बाहेर राहिले तर आत फक्त आजारी माणसं उरतात आणि हप्ता चढतच जातो. ओबामा म्हणत होते सक्ती फक्त मुलांपुरती, मोठ्यांना स्वस्तात मिळाला की ते आपणहून घेतील. एवढ्यावर थांबले नाहीत, हिलरी तुम्हाला परवडत नसलं तरी घ्यायला लावणार अशी पत्रकं त्यांच्या प्रचाराने ओहायोत घरोघरी पाठवली. आणि ओबामा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर २०१०चा आरोग्य कायदा आला त्यात काय होतं? मोठ्यांनाही सक्ती! म्हणजे अभ्यास जिचा बरोबर होता ती हरली आणि ज्याचं भाषण ऐकून अंगावर काटा यायचा तो जिंकला. हे कसं चालतं आपल्याला?

जुना_आयोवाकर
ताई, इन्शुरन्सचा मुद्दा मान्य, पण तुम्ही सोयीने इराक विसरलात. ऑक्टोबर २००२ मध्ये हिलरींनी सिनेटमध्ये युद्धाच्या बाजूने मत दिलं आणि त्याच महिन्यात ओबामा शिकागोच्या सभेत उभं राहून हे युद्ध मूर्खपणाचं आहे म्हणाले. अभ्यास अभ्यास म्हणता तर त्या काळातला सगळ्यात मोठा पेपर तोच होता ना?

आणि लोक नुसते भाषणाला भुलले हे तर अजिबात पटत नाही. मी तेव्हा आयोवात देमॉइनला होतो, एच-वन-बी व्हिसावर, मत नव्हतं पण ३ जानेवारीला शेजाऱ्यांबरोबर कॉकस, म्हणजे उमेदवार निवडायची पक्षाची सभा, बघायला गेलो. शाळेचं जिम, बाहेर कडाक्याची थंडी, आत उभं राहायला जागा नाही. तिथे तेव्हा चिठ्ठी नसायची, ज्याचा जो उमेदवार त्याच्या कोपऱ्यात जाऊन सगळ्यांसमोर उभं राहायचं, मग डोकी मोजायचे, आणि पंधरा टक्के भरले नाहीत तर तो गट मोडायचा नि बाकीचे त्या लोकांना आपल्याकडे ओढायचे. बायडनच्या कोपऱ्यात मूठभर माणसं होती. ओबामांच्या कोपऱ्यातली बाई कागद घेऊन त्यांच्याकडे गेली आणि एकेकाला नावानिशी विचारायला लागली, तुमचा मुलगा सैन्यात आहे ना, तुमचं शेताचं काय झालं. ही तयारी कित्येक महिन्यांची होती. राज्यभरात त्या रात्री सुमारे २ लाख ३९ हजार लोक आले, २००४ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास होते. भाषणाने माणूस खुर्चीतून उठतो हो, पण थंडीत त्याला जिमपर्यंत आणायला संघटना लागते, आणि ती बांधणं हेही कामच आहे.

आकडेमोड
आयोवाकरांना जोड देतो. ५ फेब्रुवारी २००८, सुपर ट्यूजडे, एकाच दिवशी बऱ्याच राज्यांत मतदान. न्यूजर्सीत हिलरी जिंकल्या, डेलिगेट (उमेदवार ठरवणारे पक्षाचे प्रतिनिधी) ५९ विरुद्ध ४८, म्हणजे ११ची आघाडी. त्याच दिवशी आयडाहोसारख्या चिमुकल्या राज्यात ओबामांनी १५ विरुद्ध ३ घेतले, आघाडी १२ची! डेमोक्रॅटिक पक्षात डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटतात, त्यामुळे मोठं राज्य थोडक्यात जिंकण्यापेक्षा छोटं राज्य दणकून जिंकणं फायद्याचं पडतं. हा नियम दोघांनाही माहीत असायला हवा होता, पण लहान कॉकस राज्यांत एक गट आधीपासून ऑफिसं उघडून बसला आणि ज्यांचा अनुभवाचा दावा होता त्यांनी ती राज्यं सोडून दिल्यासारखीच केली. मग अनुभवी कुणाला म्हणायचं?

जर्सीवाली
निवडणूक लढवण्याची हुशारी आणि राज्य चालवण्याची हुशारी एकच आहे का पण? मला दुसरी हवीय. आणि इराकचं म्हणाल तर ओबामा तेव्हा इलिनॉयच्या राज्य सिनेटमध्ये होते, त्यांना त्या ठरावावर मत द्यायचंच नव्हतं. २००५ला वॉशिंग्टनला आल्यावर युद्धाच्या खर्चाला त्यांनीही मतं दिलीच की. हिलरींचं मत चुकलं, मी त्याचं समर्थन करत नाही, पण जो मैदानात नव्हता त्याला त्याच सामन्याचे मार्क कसे देता?

मृण्मयी_ठाणे
मी भारतात बसून बघत होते, मत वगैरे काही नाही, पण एक गोष्ट मनात राहिलीय ती लिहिते. न्यू हॅम्पशायरच्या मतदानाआधीच्या डिबेटमध्ये हिलरींना सरळ विचारलं की लोकांना तुमचा अनुभव पटतो पण ओबामा जास्त आवडतात, यावर काय म्हणाल. त्यांनी हसून वेळ निभावली, ओबामा ना-ना म्हणत, कागदावरून नीट मान वर न करता म्हणाले की तुम्हीही आवडण्याइतपत आहात, हिलरी. दोन दिवसांनी पोर्ट्समथच्या कॅफेत एका बाईने आपुलकीने विचारलं की हे सगळं कसं निभावता, तर हिलरींचा आवाज भरून आला, आणि ते फुटेज देशभर फिरवून फिरवून दाखवलं. रडू आलं तर कमकुवत, नाही आलं तर कोरडी. पुरुष आवाज चढवून बोलला की करिष्मा आणि बाईने तोच आवाज लावला की कर्कश. करिष्मा मोजायची ही पट्टीच मुळात वाकडी आहे, म्हणून त्यावर मत ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि नवीन राजकारण, नवीन राजकारण जे म्हणत होते त्यांच्याच प्रचारातून २००७ मध्ये हिलरींच्या नावापुढे न्यूयॉर्कऐवजी 'पंजाब'च्या डेमोक्रॅट असं लिहिलेला मेमो फिरला होता, भारतीय देणगीदारांशी त्यांचे संबंध आहेत म्हणून. ओबामांनी नंतर ती घोडचूक म्हणून मान्य केली, पण आपल्या लोकांना ते लागलं होतं.

जुना_आयोवाकर
मृण्मयीताई, पट्टी वाकडी आहे हे शंभर टक्के खरं, त्यावर वादच नाही. तरी एक विचारतो, वाकडी आहे म्हणून वक्तृत्वाचं महत्त्व शून्य होतं का? मार्च २००८ मध्ये ओबामांच्या चर्चच्या पाद्र्याच्या भाषणांवरून वादळ उठलं, उमेदवारी संपते की काय अशी वेळ होती. तेव्हा फिलाडेल्फियात उभं राहून त्यांनी वंशभेदावर जे भाषण केलं त्यात गोऱ्या कामगाराचा राग आणि काळ्या माणसाचा राग दोन्ही ज्याचा त्याला समजेल अशा भाषेत मांडले. माझ्या ऑफिसमधले लोक जे या विषयावर कधी तोंड उघडत नसत ते दुसऱ्या दिवशी जेवताना बोलायला लागले. राष्ट्राध्यक्षाला कायदा लिहायचा नसतो, काँग्रेस म्हणजे तिथली संसद लिहिते, त्याच्या हातात मुख्य हत्यार असतं ते लोकांशी बोलण्याचंच.

आकडेमोड
इथे मी आयोवाकरांच्या विरोधात जाणार. ते हत्यार किती चाललं बघा. डिसेंबर २००९ला आरोग्य विधेयक सिनेटमध्ये ६० विरुद्ध ३९ने गेलं, तिथे चर्चा थांबवून मतदान घ्यायलाच ६० मतं लागत होती, एकही मत फुटलं असतं तर मेलंच होतं. मार्च २०१०ला हाऊसमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, २१९ विरुद्ध २१२. ही मतं टाळ्यांवर आली नाहीत, हाऊसच्या अध्यक्ष नॅन्सी पलोसी आणि सिनेटमधले डेमोक्रॅटांचे नेते हॅरी रीड यांनी एकेक मेंबर धरून जमवली. आणि नोव्हेंबरात डेमोक्रॅटांच्या हाऊसमधल्या ६३ जागा गेल्या. ओबामांची गर्दी ओबामांसाठी यायची, त्यांच्या खासदारासाठी नाही यायची.

जुना_आयोवाकर
पण सिनेटमध्ये डेमोक्रॅटांच्या बाजूचे लोक ६०पर्यंत पोचले ते २००८च्या लाटेमुळेच ना साहेब! मतं जमवायला आधी माणसं तर निवडून यायला हवीत. आणि नुसत्या अभ्यासाचं काय होतं ते २०१६ला दिसलं, हिलरी उमेदवारी मिळाल्यावर विस्कॉन्सिनला एकदाही गेल्या नाहीत आणि राज्य गेलं.

जर्सीवाली
देशभरात तेव्हाही त्यांनाच जास्त मतं होती, साधारण २९ लाखांनी, हेही लिहा की. आणि तुमच्या त्या जिममधला बायडनचा कोपरा आठवा. १९७३पासून सिनेटमध्ये, परराष्ट्र समितीचे अध्यक्ष, आणि आयोवात एक टक्कासुद्धा नाही, त्याच रात्री बाहेर. त्याच माणसाला ओबामांनी उपराष्ट्राध्यक्ष म्हणून घेतलं आणि हिलरींना परराष्ट्रमंत्री केलं. काम करणारी माणसं लागतात हे जिंकलेल्यालाही कळत होतं. मग मतदाराने ते आधी का बघू नये? मी तरी या वेळी प्रत्येक उमेदवाराला एकच विचारणार आहे, तुमच्या योजनेला सिनेटमधली मतं कुठून आणणार, नावं सांगा.

जुना_आयोवाकर
विचारा, जरूर विचारा, पण आयोवात २००८ला कुठल्याच उमेदवाराकडे ती नावं नव्हती, हिलरींकडेही नव्हती. नवरा बिल क्लिंटन राष्ट्राध्यक्ष असताना, १९९४ला, त्यांचीच आरोग्य योजना मतदानापर्यंतही पोचली नव्हती.