‘रेडिएशन रिकॉल’ला मराठीत काय म्हणायचं?

देवगडवाली
माझी आत्या देवगडची. गेल्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरसाठी तिला मुंबईत लाईट दिली. (आमच्याकडे रेडिएशन कोणी म्हणत नाही. ‘लाईट’, नाहीतर ‘शेक’.) यंदा लिव्हरवर डाग दिसला म्हणून डोसेटॅक्सेल हे केमोचं औषध सुरू झालं. पहिल्या सलाईननंतर आठव्या दिवशी छाती लालभडक. पण लाली वाटेल तशी पसरलेली नव्हती. पट्टी लावून आखावा तसा चौकोन, आणि त्याच्या कडेला लाईटच्या वेळी गोंदलेले निळे टिपके. लाईट संपून अकरा महिने झाले होते, कातडी पार निवळली होती. आत्या आरशासमोर उभी राहून म्हणाली, “गो, माझी लाईट परत इली.” आतून काका ओरडले, “खंय इली? पंखो तर बंदच आसा!”

डॉक्टरांनी कागदावर ‘रेडिएशन रिकॉल’ लिहून दिलं. ते वाचून भाऊ लगेच मुंबईच्या गाडीचं तिकीट बघायला बसला. कंपन्या बिघडलेल्या मोटारी रिकॉल करतात, तसं आत्याला परत लाईटला बोलावलंय असं त्याला वाटलं. याला मराठी शब्द आहे का? नसेल तर कोणता चालेल?

पाटीपेन्सिल
‘विकिरण-प्रत्यावाहन’. घ्या, आता भाऊ विमानाचं तिकीट काढील.

सिस्टर सावंतवाडी
शब्दाआधी प्रकार काय आहे ते सांगते, म्हणजे शब्द भलतीकडे जाणार नाही. लाईट संपते, त्या जागेवरची लाली-सालपटं बरी होतात. मग काही आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही एखादं औषध दिलं जातं आणि नेमक्या त्याच जागेवर दाह होतो. बाकीचं अंग स्वच्छ. 1959 साली डॉ. डी’आंजिओ आणि सहकाऱ्यांनी अॅक्टिनोमायसिन-डी या औषधाबाबत हे पहिल्यांदा नोंदवलं. पुढे डॉक्सोरुबिसिन (पेशंटचं ‘लाल औषध’), पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल, जेमसिटाबिन यांच्यामुळेही होतं हे दिसलं. इम्युनोथेरपीनंतरही (म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांनंतरही) झाल्याच्या नोंदी आहेत. बहुतेकदा कातडीवर येतं, पण फुप्फुसात, अन्ननलिकेत, तोंडातही येतं. जेमसिटाबिन असेल तर स्नायूंत आणि आतल्या अवयवांत जास्त.

लाईट चालू असताना किंवा संपल्यावर लगेचच्या दिवसांत औषधाने लाली वाढली तर तो रिकॉल नव्हे. तिथे मूळचंच दुखणं औषधाने वाढवलेलं असतं. रिकॉलमध्ये मधला बरा झालेला काळ लागतो. शब्दात तो ‘मधला काळ’ यायला हवा.

राजापूरकर
मग सोपं आहे. ‘उलटणे’. ताप उलटतो, दुखणं उलटतं. बरं वाटल्यावर परत येणं हाच त्याचा अर्थ.

सिस्टर सावंतवाडी
दादा, हा एक शब्द सोडून काहीही चालेल! ‘उलटलं’ म्हटलं की घरच्यांना कॅन्सर उलटला असंच वाटणार. ऑपरेशनच्या जागीच लाल झालेलं बघून त्यांची आधीच गाळण उडालेली असते. इथे गाठ परत आलेली नसते, कातडी भडकलेली असते. हा फरक ज्या शब्दात पुसला जातो तो कामाचा नाही.

राजापूरकर
मान्य. मागे घेतो.

बिब्ब्याचं झाड
‘उतणे’ कसं वाटतं? बिब्बा उततो, काजूच्या बोंडाचा नव्हे पण टरफलाचा चीक लागला की हात उततो. लाली, फोड, आग, सगळं आलं.

देवगडवाली
शब्द आवडला, पण बिब्बा जिथे लागतो तिथे उततो. आत्याचं औषध गेलं हाताच्या शिरेतून आणि पेटली छाती. शिवाय ‘उतू नका, मातू नका’ ऐकत वाढलेल्या बाईला “तू उतलीस” म्हणायची माझी हिंमत नाही.

चिरेबंदी
माझा धंदा घरं दुरुस्तीचा. चिऱ्याच्या भिंतीत ओल मुरलेली असते. उन्हाळ्यात चुना मारला की भिंत कोरी. पाऊस लागला की तोच डाग, त्याच आकारात, वर येतो. आम्ही म्हणतो ‘ओल उमटली’. शेक उमटला म्हणा की.

पाटीपेन्सिल
हे घ्या. विद्वानांनी घरी जावं.

सिस्टर सावंतवाडी
कातडीसाठी ‘उमटणे’ अगदी चपखल. फुप्फुसात झालं तर मात्र बाहेर काही उमटत नाही, नुसता कोरडा खोकला आणि दम. तोंडाला लाईट घेतलेल्यांचं ‘तोंड परत येतं’, तिथे मराठीला नवा शब्द लागतच नाही. सगळ्यांना मिळून ‘जुना शेक जागा होणे’ म्हणावं असं मला वाटतं. औषध हे जागं करणारं, शेक हा झोपलेला, आणि मधला काळही आला.

आणि ‘दाह’बद्दल. आपल्याकडे दाह म्हणजे आग होणं. कातडी गरम, सुजलेली, पण आग नाही, असं असेल तर पेशंट “दाह नाही” सांगून मोकळा होतो. म्हणून मी विचारताना लाल, गरम, सूज, दुखतं का, असं सुटंसुटं विचारते. जंतुसंसर्गही असाच दिसतो, तेव्हा हळद-चंदनाचा लेप नको, आधी डॉक्टरांना दाखवा.

बिब्ब्याचं झाड
मग आत्यांना पुढचं औषध बंदच का?

देवगडवाली
नाही. स्टेरॉइडचं मलम आणि गोळ्या दिल्या, सलाईन पुढे ढकललं. नंतर तेच औषध परत दिलं, या खेपेला काही झालं नाही. सगळ्यांचं असं होतं असं नाही म्हणे, डॉक्टर बघून ठरवतात.

भावाला ‘जुना शेक जागा झाला होता’ असं सांगितलं, एका वाक्यात समजलं. आत्याला ‘उमटणे’ आणि ‘जागणे’ दोन्ही ऐकवले. तिला दोन्ही नकोत. काल फोनवर म्हणाली, “सालपटा निघाली. लाईट गेली एकदाची.” मागून काकांचा आवाज आला, “हयसर पण गेली!”