अळी सापडली तर ५०० दंड? आधी नळाचं बघा

पांझराकाठ :
आमच्या तालुक्याच्या गावात परवा रिक्षावर भोंगा फिरला. घरातल्या पाण्यात डासाच्या अळ्या सापडल्या की ५०० रुपये दंड. आणि नळ? तो येतो आठव्या दिवशी. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे नळाची पाळी आणि डासाचा पाळणा, दोन्ही एकाच पंचांगावर!

गेल्या वर्षी जुलै ते नोव्हेंबर मी वहीत डासांवरचा खर्च लिहिला. लिक्विडच्या रिफिली महिन्याला तीन, ८५ प्रमाणे पाच महिन्यांचे १२७५. खिडक्यांना जाळी १८००. मच्छरदाणी ६५०. पोरांना लावायचं मलम ३७५. एकूण ४१००. तरी ऑक्टोबरात मुलीला डेंग्यू झालाच. हा डास चावतो दिवसा, सकाळी आणि दिवस कलताना जास्त. आम्ही पैसे जाळले रात्री.

माझं म्हणणं एवढंच, नळ एक दिवसाआड सोडा, मग खुशाल पावती फाडा.

केळीचं_खोड :
नाही पटलं. नळाचं रडगाणं खरं आहे, पण प्रत्येक अळी नळामुळे नसते. आपल्याकडे होळी झाली की कुलर निघतो आणि पाऊस लागला तरी गॅलरीत तसाच उभा, तळाशी चार बोटं पाणी. ते ओतायला कोणता निधी लागतो? माझ्या शेजाऱ्याच्या कुलरात दिवाळीपर्यंत पाणी होतं. हा डास फार लांब उडत नाही, म्हणजे त्याच्या कुलरातला मलाच चावणार. मी घरात कितीही जाळ्या मारल्या तरी उपयोग काय? असल्यांना दंडच हवा. पुण्यात महापालिका करतेच ना!

पांझराकाठ :
कुलरवाल्याला करा, हरकत नाही. पण अळी बघणारा माणूस कुलर आणि प्यायच्या पाण्याचा ड्रम वेगळा धरणार आहे का? भोंग्यात तसं काही नव्हतं.

गिरणाथडी :
पुण्याची तुलना जरा जपून. तिथे बांधकामं, सोसायट्या सापडतात. इथे सापडेल ती पत्र्याच्या खोलीतली बाई.

खाटल्यावरून :
पानीच येत नही भो, ते डरम रिकामा कसा करवा! 😄

घरोघरी :
मी आशा सेविका आहे, सर्व्हेला जाते. दोघांचंही थोडं थोडं चुकतंय. ड्रम नुसता रिकामा करून भागत नाही. अंडी पाण्याच्या काठाला, आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यात कित्येक महिने टिकतात. पाणी परत भरलं की जिवंत. म्हणून आतून काथ्याने घासायचं. नळाच्या दिवशी पाणी सोडायच्या आधी घासलं तर एक घागरही वाया जात नाही. वर जुन्या सुती लुगड्याची दुहेरी घडी ताणून बांधायची, पाण्याला टेकू द्यायची नाही. याला पैसे लागत नाहीत.

वेळ मात्र लागतो, हे मान्य. नळ पहाटे साडेतीनला येतो, तेव्हा ड्रम घासत बसा असं सांगताना माझीच जीभ अडखळते. अळ्या खाणारे गप्पी मासे फुकट देतो, पण प्यायच्या पाण्यात कोणी सोडू देत नाही. सांडपाण्याच्या हौदात तेवढे घेतात.

भाड्याची_खोली :
ताई, लुगडं बांधलं की दर तांब्याला सोडायचं. पोरं परत बांधत नाहीत. आमच्याकडे भंगारातून घेतलेले २०० लिटरचे ड्रम, झाकण कधीच नव्हतं. झाकणाची टाकी आणि तोटी घ्यायची तर दोन-अडीच हजार. नवरा-बायको दोघं मजुरीला, कापूस वेचणी सुरू झाली की हातात पैसा. डेंग्यू त्याच्याआधीच येतो. आणि ५०० चा दंड म्हणजे दोघांपैकी एकाची दीड दिवसाची मजुरी. मालक म्हणतो, टाकी तुमची तुम्ही बघा.

केळीचं_खोड :
भाडेकरूच्या जागी दंड मालकाला करा, हे मी मान्य करतो. पण दंडच नको, हे नाही. भावाला ॲडमिट केलं तेव्हा चार दिवसांचे २२ हजार भरले. वर गावात बकरीच्या दुधाला सोन्याचा भाव, कोणी किवी आणा म्हणे, कोणी पपईच्या पाल्याचा रस. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी एवढंच सांगितलं होतं, दुखण्याच्या दुसऱ्या गोळ्या घेऊ नका म्हणून बजावलं. भीतीपोटी आम्ही प्लेटलेटच्या मागे धावलो. त्यापुढे ५०० काय?

घरोघरी :
सरकारी रुग्णालयात तपासणी फुकट होते, हे निदान ताप आल्यावर तरी आठवा.

गिरणाथडी :
@केळीचं_खोड, तुमचे २२ हजार तुमच्याकडे होते. मुद्दा तोच आहे.

पांझराकाठ :
ताईंचं घासायचं वेळापत्रक मी उद्यापासून धरतो, त्यात वाद नाही. यंदा रिफिली बंद. त्या १२७५ मध्ये दोन ड्रमांना पत्र्याचं झाकण आणि खाली तोटी बसते, बाजारातल्या पत्रेवाल्याला विचारून आलो. दंडाची नोटीस आली तर मात्र मी भरणार नाही. नळ सुटल्याच्या तारखांची वही घेऊन जाणार.

केळीचं_खोड :
वही घेऊन जा. जाताना गॅलरीतला कुलर ओतून जा.